नसलेली मोटार

मराठवाड्यात प्रयोगशाळेची पायरी चढलेल्या कोणालाही दोन क्रियापदांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. रीडिंग येते, आणि रीडिंग बसवतात. येणारे रीडिंग निसर्गाकडून येते. ते केव्हा आणि कोणत्या लहरीत येईल याचा भरवसा नसतो. बसवलेले रीडिंग पुस्तकातून येते, वेळेवर येते आणि आल्याबरोबर मुकाट्याने रेषेवर जाऊन बसते. आमच्या विभागात लोलकावरून गुरुत्वाकर्षण काढताना मुले आधी उत्तर लिहीत, मग त्यावरून दोलनकाळ काढत आणि वेळ उरलाच तर लोलक टांगत. गुरुत्वाकर्षण इतके आज्ञाधारक दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असे मला वाटत नाही.

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रकल्प करावा लागतो. प्रकल्प म्हणजे आमच्याकडे झिंक ऑक्साइड. ही एक पांढरी भुकटी असते. ती भट्टीत तापवायची, तिची छायाचित्रे दुसऱ्या शहरातून काढून आणायची आणि शेवटच्या पानावर ‘भविष्यात हिचे अनेक उपयोग संभवतात’ असे लिहायचे. हे भविष्य आमच्या विभागात बरीच वर्षे मुक्कामाला होते. माझ्याही वाट्याला तीच भुकटी आली असती. परंतु त्या वर्षी तिचे रसायन वेळेवर आले नाही, आणि तेवढ्या फटीतून माझा नळ आत शिरला.

त्यासाठी आमची गल्ली सांगायला हवी. सिडकोतल्या आमच्या गल्लीत आमचे घर शेवटचे. पाण्याची लाइन वरच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावरून आत येते आणि आमच्या दाराशी संपते. पाणी रोज येत नाही. त्याचा दिवस असतो, आणि त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, कोणाला जेवायला बोलावत नाही, शक्यतो आजारी पडत नाही. पाण्याआधी रिकाम्या लाइनमधली हवा येते. नळ अर्धवट उघडा ठेवला की ती शिट्टी घालते. मग गल्लीच्या वरच्या तोंडाच्या भाभी ओरडतात, “पानी आरा!” आणि ती आरोळी घरागणिक खाली सरकत येते. शेवटी माझी आई घागर हातात धरून नळापाशी उभी राहते. नळाला पाठ दाखवली तर पाणी परत जाईल, अशी तिची समजूत असावी.

एका पाण्याच्या दिवशी मी ओट्याशी बसून परीक्षेचा अभ्यास करत होते आणि माझ्या लक्षात आले की शिट्टीचा स्वर चढतो आहे. तो वर्षानुवर्षे चढतच असणार. मी ऐकत नव्हते इतकेच. घागर भरत आली की तिचा आवाज बारीक होतो, तसेच हे असावे असे आधी वाटले. मग हिशेब केला. घागर हातभर असते, लाइन गल्लीभर. एवढ्या लांब नळीचा मूळ स्वर माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाही. म्हणजे हा स्वर लाइनचा नव्हे, नळाच्या अर्धवट उघड्या तोंडाचा. आतून हवा जितकी वेगाने येईल तितकी शिट्टी चढेल. आणि हवेला मागून ढकलत होते पाणी. वरच्या गल्ल्या भरत गेल्या की आमच्याकडे येणारा लोट वाढणार, हवा पळणार, स्वर चढणार. याचा अर्थ, न दिसणारे पाणी जमिनीखालून कुठवर आले आहे हे नळ मला सांगत होता.

तो क्षण मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. पुस्तकातले सिद्धान्त समजतात तेव्हाही आनंद होतो. पण तो पाहुण्यासारखा, दुसऱ्याच्या घरातला. हा माझ्या ओट्यावरचा होता. मी आईला म्हणाले, “आई, आता पाणी येईल बघ.” आणि पाणी आले.

“त्यात काय,” आई म्हणाली, “पाण्याचा दिवसच हाय आज. घागर धर.”

माझे मार्गदर्शक सर आमच्याच गल्लीत मधल्या घरात राहत. विभागात त्यांच्या शब्दाला वजन होते आणि गल्लीत त्याहून जास्त, कारण गल्लीत त्यांच्याखेरीज कोणी भौतिकशास्त्राचे नव्हते. मी नळाचा विषय मांडला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“नळ? नळ सिव्हिलवाल्यांचा. आपला संबंध काय?”

“सर, आवाज आपला आहे.”

रसायन आलेले नव्हते. सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “बरं, करा. पण नळ म्हणू नका. ‘मर्यादित नलिकेतील द्विप्रावस्था प्रवाहाचे ध्वनिकीय अन्वेषण’ म्हणा. आणि प्रस्तावनेत पाणचक्की घाला. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना शहराची ओळख झाली पाहिजे.”

मी पाणचक्की घातली. डोंगरातले पाणी कोणत्याही यंत्राशिवाय खापरी नळांतून शहरापर्यंत कसे आणले, यावर दीड पान लिहिले. आजच्या पाण्यावर काही लिहू नये असे सरांनी सुचवले होते. तो विषय भौतिकशास्त्राच्या कक्षेबाहेरचा होता.

मोबाइलवर आवाजाचा स्वर मोजण्याचे ॲप होते. तो नळाजवळ ठेवायचा आणि गल्लीतल्या आरोळ्यांच्या वेळा टिपायच्या. आरोळी म्हणजे पाणी त्या घराशी पोहोचल्याची खूण. एवढी उत्तम उपकरणे मला कोणत्याही प्रयोगशाळेने दिली नसती. ती विनामूल्य होती, आपोआप चालू होत आणि कोणते घर आहे हे आवाजावरूनच कळे.

आलेख मात्र सरळ चढेना. मध्यावर स्वर एकदम खाली कोसळे, शिट्टी बंद पडे, काही काळ नुसता घशात अडकल्यासारखा आवाज येई आणि मग पुन्हा चढ लागे. पुढच्या पाण्याच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्याही दिवशी तेच.

सरांनी आलेखावर बोट ठेवले. “हा खड्डा कशाला?”

“येतोय, सर.”

“येतो म्हणून काय लावायचा? ग्राफ कसा स्मूथ पाहिजे. हे रीडिंग बसवून आणा. मग सर्टिफिकेटवर सही करतो.”

इथे माझी अडचण सांगायला हवी. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. अट एकच होती: एम.एस्सी.चा निकाल, प्रकल्पासह, वेळेत. सरांची सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर निकाल नाही. दोन वर्षांचे माझे सगळे बेत त्या खड्ड्याच्या काठावर उभे होते. मधले चार बिंदू खोडून पुन्हा काढायला एक पेन्सिल पुरली असती.

“सर म्हणत्यात तसं कर की, बाई,” आई म्हणाली. “तुला जायचंय ना तिकडं? इतका काय जीव त्या खड्ड्यावर?”

“आई, तो खरा आहे.”

“खरा तर रस्त्यावरचा बी हाय. म्हणून काय कुणी फोटो लावतंय घरात?”

खड्ड्याचे एक स्पष्टीकरण गल्लीत आधीपासून प्रचलित होते. सरांच्या घरापाशी पाणी बराच वेळ रेंगाळते, हे सर्वांना ठाऊक होते. वरच्या घरांच्या आरोळ्या झाल्या की मध्येच शांतता पडे आणि पुष्कळ वेळाने खालची घरे ओरडत. फार पूर्वी कोणीतरी याचे कारण सरांनाच विचारले होते. “तिथं लाइनला चढ आहे,” असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून गल्लीत तो चढ होता. रस्ता सपाट, गटार सपाट, पण जमिनीखाली चढ. सर फिजिक्सचे असल्यामुळे खणून पाहायची गरज कोणाला पडली नाही. मलाही पडली नाही; लहानपणापासून ऐकलेला चढ मीसुद्धा प्रकल्पात लिहून टाकला होता.

तो चढ एका पाण्याच्या दिवशी माझ्या तळहाताखाली ढासळला. शिट्टी थांबली होती. हवा खरेच थांबली की नुसती मंदावली, हे पाहावे म्हणून मी ओला तळहात नळाच्या तोंडावर ठेवला. आणि नळाने तो धरला. हलकेच, पण निःसंशय, तळहात आत ओढला जात होता. मी हात सोडवला, पुन्हा ठेवला. पुन्हा ओढला. आई घागर घेऊन उभी होती.

“काय झालं गं? अशी काय हसायलीस?”

“आई, नळ श्वास आत घेतोय!”

“येडी झालीस का काय. पाणी सोड म्हणावं त्याला.”

चढ असता तर पाणी मंदावले असते, हवाही मंदावली असती. पण मंदावलेली हवा बाहेरच येते. ती उलटी फिरून आत जाणार नाही. हवा आत जाते ती कोणीतरी लाइनमधून ओढत असेल तरच. आणि मग मला एकदम आठवले ते ऐकलेले काही नव्हते, न ऐकलेले होते. सगळ्या गल्लीत एकच घर कधी ओरडत नसे. पाणी आले की भाभी ओरडत, त्यांच्या शेजारचे ओरडत, आमची आईसुद्धा उगाचच ओरडे, जिच्या पुढे ऐकायला कोणी नव्हते. सरांच्या घरातून मात्र कधीही आरोळी आली नाही. तिथून येई ती एक बारीक, सतत घरघर, जी आम्ही सगळे त्यांचा जुना फ्रीज समजत होतो.

लाइनला थेट मोटार लावणे आमच्या शहरात मना आहे, म्हणून ती कोणाकडेच नसते. तरीही माझ्या आलेखाला एका मोटारीची गरज होती. ती एका दिवशी बंद ठेवून पाहिल्याशिवाय कारण सिद्ध होणार नव्हते, आणि बंद ठेवा असे सरांना सांगण्याइतकी मी शूर नव्हते. मी काकूंकडे गेले. सरांच्या पत्नीला गल्लीत सगळे काकूच म्हणत. त्या दारात बसून लसूण सोलत होत्या.

“काकू, उद्या पाण्याचा दिवस आहे ना.”

“हो गं. का?”

“उद्या मोटार जरा उशिरा लावाल का?”

काकूंचा हात थांबला. “मोटार? कसली मोटार? आमच्याकडं नाही बाई मोटार. ह्यांना असलं मुळीच चालत नाही.”

“बरं. मग ती नसलेली मोटार आमच्याकडं पाणी येईपर्यंत लावू नका.”

काकूंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतले. “आणि आमची टाकी?”

“आमच्याकडं आलं की लगेच लावा. पाणी जात नाही इतक्यात.”

“पण कशाला?”

“प्रोजेक्टला पाहिजे.”

“सरांना माहीत आहे का?”

“सरांनीच सांगितलंय, ग्राफ स्मूथ करून आण.” या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

काकूंनी चार पाकळ्या सोलल्या. “अभ्यासाचं असेल तर ठीक. पण कुणाजवळ बोलू नको हो.”

“काय बोलणार, काकू? नाहीच आहे तर.”

दुसऱ्या दिवशी शिट्टी सुरू झाली आणि चढत गेली. मध्यावर आली तेव्हा मी श्वास रोखून धरला; नळाने रोखला नाही. स्वर चढतच राहिला. खालच्या घरांच्या आरोळ्या न थांबता, एकीच्या पाठीला एक लागून येत राहिल्या. आईला घागर उचलायला वेळ मिळाला नाही आणि ओटा भिजला. “आज चढ कुठं गेला?” समोरच्या घरातून कोणीतरी विचारले. आलेख असा निघाला की एखाद्याने फुटपट्टीच्या मदतीने मायेने काढावा.

तो मी सरांपुढे ठेवला. त्यांनी पाहिला, पुन्हा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचे समाधान पसरले.

“बघा! बसलं की नाही? मी म्हणत होतो, प्रयत्न केला की बसतं.”

“सर, हे आलेलं आहे.”

“हो, हो,” ते समजुतीने हसले, “असंच म्हणायचं असतं.” आणि त्यांनी सही केली.

माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक रीडिंग बसवल्याबद्दल मला शाबासकी मिळाली. पुढची पाने सरांनी उलटली नाहीत. सहीच्या पानापलीकडे वाचण्याची विभागात पद्धत नव्हती. पुढच्या पानावर दोन्ही आलेख शेजारी शेजारी होते, खड्ड्याचा आणि बिनखड्ड्याचा.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते दुसऱ्या जिल्ह्यातले, शांत, थकलेले गृहस्थ. दुपारी त्यांना वेरूळला न्यायचे ठरले होते आणि गाडी खाली उभी होती. माझ्या आधीच्या सगळ्यांनी त्यांना अखेर उशिरा आलेली पांढरी भुकटी दाखवली होती. गुण ते आणि सर मिळून देणार होते. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा ते घड्याळाकडे पाहत होते. दोन आलेखांचे पान आले आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ आतल्या बाजूला फिरवले.

“थांबा. एकाच नळाचे ना दोन्ही? मग हा खड्डा इथं आहे, तिथं का नाही?”

सरांनी पान पाहिले. सकाळपासून प्रथमच त्यांचा चहा थंड झाला.

“पहिल्या दिवशी गल्लीतल्या एका घरी लाइनवर मोटार चालू होती, सर. दुसऱ्या दिवशी नव्हती.”

“कशावरून?”

मी तळहाताचे सांगितले. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. “हात ओढला? खरंच? वा!” आणि मग सगळ्या परीक्षकांना सुचणारा प्रश्न त्यांनाही सुचला. “कोणाच्या घरी?”

खोलीत पंखा होता, तो ऐकू येऊ लागला. माझी पीएच.डी. त्या पंख्याखाली उभी होती. नाव घेतले तर गुण गेले. मोटार नाकारली तर खड्डा पुन्हा अनाथ झाला.

“घराचं नाव प्रयोगाला लागत नाही, सर,” मी म्हणाले. “अंतर लागतं. ते काढलंय. पाण्याचा वेग आरोळ्यांवरून मिळतो, खड्डा सुरू होण्याची वेळ आलेखावरून. त्यावरून मोटार आमच्या नळापासून किती लांब आहे ते येतं.” मी फळ्यावर गल्ली काढली आणि तिच्यावर एक फुली मारली.

परीक्षक फुलीकडे पाहत होते. सरही पाहत होते, पण निराळ्या तऱ्हेने: मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते आणि ही नजर कधी पाहिली नव्हती. त्यांचा हात दोनदा वर झाला आणि दोनदा खाली गेला. तिसऱ्यांदा मात्र त्यांना राहवले नाही.

“फुली थोडी चुकलीय,” ते म्हणाले. “तुम्ही गेटापाशी धरलंय. कनेक्शन गेटापाशी नाही. मागच्या बाजूला आहे, पेरूच्या झाडाजवळ.”

आपण काय बोललो हे सरांच्या सगळ्यात शेवटी लक्षात आले. त्यांचे कान लाल झाले; पण नजर फळ्यावरून हटली नाही.

“म्हणजे सरांना तिथला भूगोल माहीत आहे,” परीक्षक अत्यंत गंभीरपणे म्हणाले. “मग दुरुस्त करून पाहा बरं, बाळ. वेग जमतो का?”

मी फुली पेरूच्या झाडाजवळ नेली आणि पुन्हा हिशेब मांडला. मोटार गेटापाशी धरली की आरोळ्यांवरून येणारा वेग आणि खड्ड्याच्या वेळेवरून येणारा वेग यांत थोडासा फरक राहत होता, जो मी त्रुटी म्हणून सोडून दिला होता. तो मिटला. मी खडू खाली ठेवला. “जमला,” सर माझ्या आधी म्हणाले, आणि ते हसत होते. “जमला हो! बसवलेला नाही, आलेला आहे.”

परीक्षकांनी घड्याळ पुन्हा सरळ केले. “आमच्याही गल्लीत असा चढ आहे,” ते उठताना म्हणाले. “बघतो एकदा हात ठेवून.” वेरूळची गाडी उशिरा निघाली. गुण दोघांनी मिळून दिले, आणि मला जायला पुरले.

मी निघण्याआधीच्या शेवटच्या पाण्याच्या दिवशी सर आमच्या ओट्यापाशी आले. पायात स्लिपर, अंगात घरचा सदरा, कानाला मोबाइल. त्यांनी बाह्या सरसावून तळहात नळावर ठेवला आणि काकूंना फोनवर सूचना देऊ लागले.

“लाव. हां, लाव... अगं, ओढतोय! ओढतोय गं! आता बंद कर... सोडला. परत लाव. अगं, एकदाच, परत लाव.”

फोनमधून काकूंचा आवाज साऱ्या ओट्याला ऐकू आला. “ओरडू नका हो! आपल्याकडं मोटार नाहीये!”

सरांनी ते ऐकले नसावे. त्यांनी मला खूण केली, “तुम्ही वेळ टिपा,” आणि डोळे मिटून घेतले. खालच्या घरांतल्या बायका दारांत येऊन उभ्या होत्या. आई मघापासून घागर घेऊन ताटकळली होती.

“सर,” ती शेवटी म्हणाली, “लई झालं शास्त्र. आता येऊ द्या की पाणी.”

“येतंय, वहिनी,” डोळे न उघडता सर म्हणाले. “येतंय. फक्त एकदा परत जाऊ द्या.”